खालचा आकडा

निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी पुण्याच्या अब्रूचे धिंडवडे निघतात. वर्तमानपत्रात ठळक अक्षरात छापून येतं की, पुणेकर मतदानाला बाहेर पडलेच नाहीत, सुट्टी मिळाली म्हणून सिंहगडावर भजी खायला गेले. ती बातमी प्रत्येक पुणेकर चहाबरोबर वाचतो आणि बाकीच्या पुणेकरांबद्दल हळहळतो. स्वतः मत दिलेलं असो वा नसो, हळहळण्याचा हक्क आपल्याला घटनेनेच दिला आहे अशी त्याची समजूत असते.

या हळहळीत सामील न होणारा सगळ्या शहरात एकच माणूस होता, तो म्हणजे मैनुद्दीन दादामियाँ अत्तार. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ते वरिष्ठ लिपिक, आणि वरकड काम म्हणून गेली अकरा वर्षं शनिवार पेठेतल्या एका यादी भागाचे बीएलओ. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. या अधिकाऱ्याचा अधिकार एवढाच की, त्याने आपल्या भागातले सगळे जिने चढायचे, बेल वाजवायची आणि आत कोण राहतं, कोण वारलं, कोण अठरा वर्षांचं झालं ते विचारायचं. लोकांनी त्याला काय उत्तर द्यावं याबद्दल कायदा गप्प आहे. शनिवार पेठेने या मोकळिकीचा अकरा वर्षं पुरेपूर फायदा घेतला होता.

मैनुद्दीनभाईंचं म्हणणं सरळ होतं. "पुणेकर मत देत नाहीत ही शुद्ध थाप आहे," ते म्हणायचे. "मत देत नाहीत ते दोनच जण. एक वारलेले, दुसरे बाणेरला गेलेले."

टक्केवारीत दोन आकडे असतात. वरचा आकडा मतं किती पडली त्याचा, खालचा यादीत नावं किती त्याचा. सगळं सरकार वरच्या आकड्याच्या मागे लागलेलं. तो वाढावा म्हणून शाळेतल्या पोरांच्या प्रभातफेऱ्या निघत, चौकाचौकात पथनाट्यं होत, मत देऊन आलेल्याला मिसळीवर सवलत मिळे. खालच्या आकड्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नसे. मैनुद्दीनभाई बघत. त्यांच्याकडे त्यासाठी एक वहीच होती, कापडी पुठ्ठ्याची, जाडजूड, वडिलांनी स्वतः बांधलेली.

वडील दादामियाँ पेठेतले बुकबाइंडर. मतदानाच्या दिवशी दुकानाला कुलूप, कानात अत्तराचा फाया, आणि सकाळी सातच्या ठोक्याला रांगेत पहिला नंबर. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तरी शाई लावलेलं बोट ते खळीत बुडवत नसत. चार दिवस उरलेल्या नऊ बोटांनी पुस्तकं बांधत. त्या चार दिवसांत बांधलेली पुस्तकं थोडी वाकडी निघत, पण गिऱ्हाईकाने तक्रार केली तर त्यालाच "तुम्ही मत दिलंत का?" असं ऐकावं लागे. मैनुद्दीनभाईंनी एकविसाव्या वर्षी पहिलं मत दिलं ते वडिलांचा हात धरून, आणि तेव्हापासून लोकसभा, विधानसभा, महापालिका, एकही निवडणूक चुकवली नाही. माणसाला अभिमान वाटायला काहीतरी लागतं. त्यांना पगारवाढीचा किंवा बढतीचा अभिमान बाळगण्याची संधी महापालिकेने दिली नव्हती, म्हणून हा होता.

तर ती वही. दोन हजार सतराच्या महापालिका निवडणुकीत त्यांच्या यादी भागात नावं होती अकराशे चौऱ्याऐंशी आणि मतं पडली पाचशे सात. म्हणजे बेचाळीस टक्के आणि वर थोडी चिल्लर. पर्यवेक्षक सरोजिनी मॅडमनी बैठकीत सगळ्यांदेखत विचारलं, "अत्तार, तुमची पेठ झोपते का हो?" मैनुद्दीनभाईंनी ते मनाला लावून घेतलं. पुढचं वर्षभर कचेरी सुटल्यावर त्यांनी एकेक दार पुन्हा वाजवलं आणि वहीत नोंदी केल्या. वारलेले एकाहत्तर. पेठ सोडून गेलेले चारशे दोन. दोनदा नाव आलेले तेवीस. उरले सहाशे अठ्ठ्याऐंशी. शिवाय यादीत नसलेली, पण इथं राहणारी आणि वय झालेली सत्तावन्न माणसं होती. नव्या सुना, नवे भाडेकरू, नुकती अठरा पूर्ण झालेली पोरं. म्हणजे खरे मतदार सातशे पंचेचाळीस. मत दिलेल्यांतून पेठेबाहेरून येऊन गेलेले अडतीस वजा केले, तर पेठेचं खरं मतदान त्रेसष्ट टक्के!

"पेठ झोपत नाही मॅडम," त्यांनी पुढच्या बैठकीत वही टेबलावर ठेवली. "यादीच झोपलीय."

सरोजिनी मॅडमनी वही चाळली. "छान आहे. पण हे कोणाच्या नमुन्यात बसतं?"

कुठल्याच नमुन्यात बसत नव्हतं. सरकारला माणूस मोजायचा असेल तर नमुना लागतो. नाव घालायचं तर नमुना सहा, नाव काढायचं तर नमुना सात. तेव्हा लोकसभेच्या निवडणुकीआधी यादी स्वच्छ करायचीच, असा विडा उचलून मैनुद्दीनभाई नमुना सातचा गठ्ठा घेऊन निघाले.

वारलेल्यांचं त्या मानाने सोपं गेलं. चौसष्ट घरांनी दाखले दिले. सात घरांनी दिले नाहीत. एका मुलाने स्पष्टच सांगितलं की, वडिलांचं नाव आता फक्त लाइट बिलावर आणि मतदार यादीतच राहिलंय, त्यातलं एक तरी राहू द्या. मैनुद्दीनभाईंनी तो नमुना सात परत गठ्ठ्यात ठेवला.

खरी कसोटी होती पेठ सोडून गेलेल्यांची. तुम्हाला वाटेल, माणूस बाणेरला किंवा वाकडला राहायला गेला की नाव तिकडे नेत असेल. तुम्ही पुण्याचे नाही. शनिवार पेठेतला माणूस सामान हलवतो, मुलांच्या शाळा हलवतो, गॅसचं कनेक्शन हलवतो, पण मतदार यादीतलं नाव हलवत नाही. बाणेरच्या बाविसाव्या मजल्यावरून सगळं पुणं दिसत असेल, तरी ओळखपत्रावर "शनिवार पेठ" ही दोन शब्दांची वतनदारी असतेच. मत द्यायला येणं ही वेगळी गोष्ट आहे. वतन राखायला तिथं जाऊन राहावं लागत नाही, हे पुण्याला फार आधीपासून माहीत आहे.

अशा वतनदारांपैकी हिंदुराव शितोळे हे अव्वल. पेठ सोडून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, पण यादीत त्यांच्या घरातली सहा नावं होती. नोटीस गेल्यावर सुनावणीला ते स्वतः आले, आणि गाडी लावायला जागा न मिळाल्यामुळे आधीच तापून आले.

"माझा पत्ता बदललाय, मी नाही बदललो," ते म्हणाले. "आमच्या पाच पिढ्या शनिवारातल्या."

"मान्य आहे. पण गेल्या तीन निवडणुकांत आपल्या घरातलं कोणीच मतदानाला आलं नाही," मैनुद्दीनभाई वही बघत म्हणाले.

"यायचं कसं? पार्किंग कुठंय?"

"साहेब, नाव बाणेरला नेलंत तर खालीच केंद्र आहे. चालत जाल."

हिंदुरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "अत्तार, आपण सध्या कुठे राहता?"

मैनुद्दीनभाई दोन वर्षांपासून कात्रजला राहत होते. पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली, भाडेकरूंची बोळवण झाली, आणि हे नवराबायको कात्रजच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर जाऊन पडले. हे हिंदुरावांना पक्कं माहीत होतं. पेठ सोडली तरी पेठेतल्या बातम्या त्यांनी सोडल्या नव्हत्या.

"कात्रजला," मैनुद्दीनभाई म्हणाले.

"आणि आपलं नाव?"

मैनुद्दीनभाईंनी वही मिटली. हिंदुराव उठले. "आधी आपलं अंगण झाडा, मग आमच्याकडे झाडू घेऊन या," असं म्हणून ते गाडीकडे गेले. त्यांची सहाच्या सहा नावं यादीत राहिली.

तो टोमणा मैनुद्दीनभाईंच्या असा वर्मी बसला की, त्या दिवशी ते जेवले नाहीत. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या नावांमागे धावताना आपलंच नाव हलवायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं, आणि तेही चार पिढ्यांचे वतनदारच होते? हा प्रश्न त्यांनी स्वतःला नीटसा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या नावाचा नमुना सात भरला. कारण : कायमचे स्थलांतर.

सरोजिनी मॅडमनी तो पाहून कपाळावर हात मारला. "अहो अत्तार, आधी कात्रजला नमुना सहा भरा. तिकडे नाव येऊ द्या. मग इकडचं काढू."

"मॅडम, मधले पंधरा दिवस माझं नाव चुकीच्या यादीत राहील."

"राहू दे की! कोण बघतंय?"

"शितोळे बघतायत," मैनुद्दीनभाई म्हणाले. सरोजिनी मॅडम पुष्कळ बोलल्या, पण तत्त्वाला पेटलेला लिपिक कोणाचं ऐकत नाही. नमुना सात आधी गेला, सहा मागून.

सरकारी कामाला फार वेळ लागतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी एकदा यादीतून नाव काढून बघावं. आठ दिवसांत निकाल लागला. "वगळले" असा शिक्का बसला, आणि मैनुद्दीनभाईंनी त्याची छायाप्रत हिंदुरावांना पोस्टाने पाठवून दिली.

बायकोचंही नाव काढावं, या विचाराने ते घरी गेले. रझिया घरात दख्खनी बोलायची, पण टोमणा मारायचा असला की मराठीत शिरायची. "तुमचं नाव तुम्ही काढा," ती म्हणाली. "माझं काढायचं तर माझी सही लागेल. आणि माझं पेन हरवलंय."

"रझिया, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला अक्कल आहे."

यादी स्वच्छ करण्यापायी संसार मोडणं मैनुद्दीनभाईंना परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी वहीत तिच्या नावापुढे "पेन सापडल्यावर" असं लिहिलं आणि विषय संपवला.

आता कात्रजच्या अर्जाचं काय झालं ते ऐका. नमुना सहा आला की, तिथल्या बीएलओने घरी जाऊन माणूस खरंच राहतो का ते बघायचं असतं. तीनदा जायचं. तीनदा माणूस नाही सापडला, तर शेरा मारून मोकळं व्हायचं. कचेऱ्या चालू असताना लोक भेटत नाहीत, म्हणून सरकारने शनिवार-रविवार खास मोहिमेचे दिवस ठरवून दिले होते. साऱ्या शहरातले सगळे बीएलओ त्याच दिवशी, त्याच वेळी घरोघर हिंडायचे. मैनुद्दीनभाईही हिंडायचे. शनिवार पेठेत.

रझिया त्या दिवसांत शुक्रवारी लोणी काळभोरला जायची ती सोमवारी परतायची. तिथं त्यांची मुलगी नजमा नुकतीच बाळंत झाली होती, जुळी पोरं होती, आणि जावयाला सुट्टीच्या दिवशीच झोप यायची. म्हणजे शनिवार-रविवार कात्रजच्या घराला कुलूप. अर्जाचं पुढे काय झालं हे मैनुद्दीनभाईंनी एकदाही विचारलं नाही. आपल्यासारखाच कोणी बीएलओ तिकडे असेल, तो आपल्यासारखंच चोख काम करील, असा त्यांना गाढ विश्वास होता. आणि त्या विश्वासाला तडा जाईल असं तिकडच्या बीएलओने काहीही केलं नाही.

एप्रिल उजाडला. पेठेत घरोघर मतदार चिठ्ठ्या वाटताना मैनुद्दीनभाईंना आठवलं की, आपल्या घरी आपली चिठ्ठी अजून कोणी आणून दिली नाही. कात्रजची यादी पाहिली. नाव नव्हतं. तीन वेळा पाहिली. मग अर्धा दिवस रजा टाकून ते कात्रजच्या अंगणवाडीत गेले. तिथल्या सेविका सुनीती कोंढरे याच त्या भागाच्या बीएलओ. त्या पोरांना खिचडी वाढत होत्या.

"अत्तार का? बी इमारत, चारशे तीन?" सुनीतीबाईंना सगळं पाठ होतं. "तीनदा आले मी. शनवारी आले, रयवारी आले, परत पुढल्या शनवारी आले. दर येळी कुलूप. समोरच्या पोराला इचारलं, तर तो म्हनतो, ॲक्च्युअली मी तिथं कधी कोणाला बघितलंच नाही मॅम, मे बी फ्लॅट व्हेकंट असेल. मग मी काय करनार? मारला शेरा. कुठं होता तुम्ही?"

"मतदारांच्या घरी," मैनुद्दीनभाई म्हणाले. "बीएलओ आहे मी. शनिवार पेठेत."

सुनीतीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी मैनुद्दीनभाईंकडे बघितलं, ओठ घट्ट मिटून हसू दाबलं, पण मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "खिचडी खाता का? गरम हाय."

मैनुद्दीनभाई पोरांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिचडी खाल्ली. नवीन नावं घ्यायची मुदत संपली होती. हे सुनीतीबाईंना सांगावं लागलं नाही, कारण तीच मुदत गेला महिनाभर ते स्वतः पेठेतल्या लोकांना सांगत होते. "मुदतीत का नाही आलात?" असं किती जणांना ऐकवलं होतं! राग काढायचा तर कोणावर? या बाईंनी तेच केलं जे त्यांनी अकरा वर्षं केलं होतं. त्यांनीही किती कुलपांवर शेरे मारले होते, आणि त्या कुलपांच्या मागे राहणारी माणसं तेव्हा कुठे असतील हे कधी मनातही आणलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सहालाच ते केंद्रावर हजर झाले. कानात अत्तराचा फाया होता, सवय जात नाही. बाहेर मंडपात बीएलओचं टेबल, त्यावर यादी, आणि समोर रांग. "अनुक्रमांक दोनशे एकोणीस, खोली क्रमांक दोन, आत उजवीकडे," असं ते दिवसभर सांगत राहिले. सातला पहिला माणूस आत जाऊन बोट उंचावत बाहेर आला, तेव्हा त्यांनी मान खाली घालून यादीत उगाच काहीतरी शोधलं. पस्तीसएक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बोटाला शाई लागणार नव्हती. दहाच्या सुमाराला पेठेतल्या एका आजोबांनी विचारलंच, "काय अत्तार, तुमचं झालं का?" ते म्हणाले, "सकाळीच." अकरा वर्षांत मतदार यादीबद्दल बोललेलं त्यांचं हे पहिलं खोटं होतं. त्यानंतर ते डावा हात टेबलाखाली ठेवू लागले.

बाराच्या उन्हात रझिया आली. कात्रजहून बसने, डोक्यावर ओढणी, हातात पाण्याची बाटली. तिने ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "साहेब, माझं नाव आहे का बघता?"

"आहे," मैनुद्दीनभाई म्हणाले. "तीनशे सेहेचाळीस."

"आणि माझ्या नवऱ्याचं? माझ्या वरच असायचं."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिची थट्टा तिथंच थांबली. टेबलाखालचा त्यांचा हात तिच्या लक्षात आला होता. ती आत गेली, मत देऊन आली, आणि बाटली त्यांच्यापुढे ठेवून बस पकडायला निघून गेली.

तीन वाजता फोन वाजला. हिंदुराव. मागून वाऱ्याचा आणि पोरांच्या दंग्याचा आवाज येत होता.

"अत्तार, आपल्या शनिवाराचं किती झालं?"

"छत्तीस टक्के झालंय. आपण येताय ना?"

"आम्ही महाबळेश्वरला आहोत. पण छत्तीस म्हणजे फारच कमी हो! लाज वाटली पाहिजे लोकांना. जरा घराघरांतून बाहेर काढा त्यांना." फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत हिंदुरावांनी पेठेच्या ग्रुपवर लोकशाहीच्या कर्तव्याबद्दल एक लांबलचक मजकूर टाकला, आणि त्याला सत्तावीस अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा, आणि चहाबरोबर वर्तमानपत्र. जेमतेम अर्धं पुणं मतदानाला उतरलं, अशी बातमी पहिल्या पानावर होती. मैनुद्दीनभाईंनी वही उघडली. यादीत अकराशे पंधरा, मतं पाचशे एकोणचाळीस, सरकारी टक्का अठ्ठेचाळीस. खरे पात्र सातशे बावन्न, त्यांतले मत देऊन गेलेले चारशे अठ्ठ्याण्णव, खरा टक्का सहासष्ट. पेठेने त्यांची मान उंच ठेवली होती. एरवी त्यांनी हा आकडा तांबड्या शाईने लिहिला असता.

या वेळी साध्या निळ्या शाईनेच लिहिला. मग पान उलटलं, कोरं पान काढलं आणि वर मथळा लिहिला : कात्रज, बी इमारत, घर क्रमांक चारशे तीन. रझिया चहाचे कप उचलायला आली ती त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली.

खरे पात्र : दोन.

यादीत : एक, तेही शनिवार पेठेच्या.

मत दिलेले : एक.

टक्केवारीच्या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. आयुष्यभर त्यांनी खालचा आकडा बरोबर धरा म्हणून लोकांशी वाद घातला होता. सरकारी यादीप्रमाणे धरलं, तर या घरातलं मतदान शंभर टक्के होतं. मैनुद्दीन अत्तार वरच्या आकड्यात नव्हते आणि खालच्यातही नव्हते, तेव्हा त्यांच्यामुळे कोणाचं काहीच बिघडत नव्हतं.

त्यांनी "पन्नास" लिहिलं.

"म्हणजे पुण्याइतकंच," रझिया म्हणाली. हे ती दख्खनीत म्हणाली. मैनुद्दीनभाईंचे डोळे भरून आले, आणि चष्म्यावर चहाची वाफ बसली म्हणून ते उगाच चष्मा पुसू लागले. चहा केव्हाच संपला होता. रझियाने खुर्ची ओढली, ओढणीखालून एक पेन काढलं आणि ते वहीवर ठेवलं.

"सापडलं," ती म्हणाली. "दोघांचे अर्ज आणा. कात्रजचे. आणि या वेळी शनिवार-रविवार मी घरी थांबते."